विश्लेषण : मराठवाड्याएवढे जंगल आठवडाभरात राखीव! शिकारी रूझवेल्ट यांनी हे कसे केले?

अमेरिकेत स्वतःची वीतभर जमीन नसलेला माणूसही राज्याचा परवाना काढून बहुतांश राष्ट्रीय वनांत शिकारीला जाऊ शकतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आलेल्या भारतात हे अजब वाटेल. पण ती जंगले खासगी हातांत गेली नाहीत, याचे मोठे श्रेय एका पट्टीच्या शिकाऱ्याला जाते. ते म्हणजे २६वे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट.

डाकोटात काय पाहिले?

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या सधन घरात झाला. लहानपण दम्याने ग्रासलेले. १८८३ मध्ये ते बायसनच्या शिकारीसाठी डाकोटात गेले. कातडी विकणाऱ्यांनी कळपच्या कळप संपवले होते, त्यामुळे एक बायसन मिळायला कित्येक दिवस लागले. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी आई आणि पत्नी दोघीही एकाच दिवशी गेल्या. त्यानंतर ते डाकोटातच गुरे पाळू लागले. विशेष म्हणजे, गुरे चरत ती जमीन त्यांच्या नावावर नव्हतीच, ती सरकारी होती. १८८६-८७च्या भीषण हिवाळ्यात गुरे मेली आणि धंदा बसला.

१८८७ मध्ये त्यांनी ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापला. सदस्य श्रीमंत शिकारी, पण मागण्या वेगळ्या होत्या : बाजारासाठी होणारी कत्तल थांबवा, जंगले राखा. युरोपात शिकार ही जमीनदाराची मिरास होती. आपल्याकडचे दाजीपूरही कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्रच. अमेरिकेत तसे व्हायचे नसेल, तर जमीन सार्वजनिक राहायला हवी होती.

१९०७ मध्ये नेमके काय घडले?

१९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि वनांची घोषणा धडाक्यात सुरू झाली. लाकूड कंपन्या, पशुपालक आणि पश्चिमेकडचे राजकारणी बिथरले. वॉशिंग्टनमध्ये बसून आमच्या जमिनी अडवता, ही त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. ओरेगॉनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकालाच एक कलम जोडले : सहा पश्चिमी राज्यांत यापुढे काँग्रेसच्या मंजुरीविना नवे राखीव वन नाही. विधेयक फेटाळावे तर वनसेवेचा पैसा अडकणार. सही करावी तर हात बांधले जाणार.

रूझवेल्ट यांनी सही केली, पण मुदतीच्या शेवटी. तोवर वनप्रमुख गिफर्ड पिंशो यांच्या कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस बसून नकाशे आणि घोषणापत्रे तयार केली. त्याच सहा राज्यांत सुमारे १ कोटी ६० लाख एकर, म्हणजे जवळपास मराठवाड्याएवढे क्षेत्र राखीव झाले. मग ४ मार्च १९०७ रोजी विधेयकावर सही झाली! विरोधकांनी या जंगलांना ‘मध्यरात्रीची वने’ म्हणून हिणवले. कायद्याच्या दृष्टीने डाव बिनतोड होता. लोकशाहीच्या दृष्टीने तो खटकतोच.

१९०९ मध्ये पद सोडेपर्यंत त्यांनी सुमारे २३ कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट जमिनीला संरक्षण दिले. यातल्या राष्ट्रीय उद्यानांत शिकार बहुधा बंद असते, राष्ट्रीय वनांत मात्र ती चालते.

मग डाग कोणते?

पद सोडताच ते आफ्रिकेत गेले. तिथे त्यांनी आणि मुलगा कर्मिट यांनी पाचशेहून अधिक प्राणी मारले. संग्रहालयासाठी असले, तरी हा आकडा आज पचत नाही. शिवाय ‘सार्वजनिक’ ठरलेल्या बऱ्याच जमिनी मूलनिवासींच्या होत्या. १९०८ मध्ये मोंटानात बायसनसाठी राखलेले क्षेत्र फ्लॅटहेड जमातींच्या संमतीविना घेतले होते. ते परत देण्याचा कायदा व्हायला २०२० उजाडले.

रूझवेल्ट ६ जानेवारी १९१९ रोजी वारले. जमिनीचा वाद मात्र मिटलेला नाही. जून २०२५ मध्ये सिनेटर माइक ली यांनी लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याचा प्रस्ताव मांडला. त्याविरुद्ध पर्यावरणवाद्यांच्या जोडीने शिकारीही उभे राहिले, त्यांत लींच्याच पक्षाचे अनेक मतदार होते. महिना संपण्याआधी प्रस्ताव मागे घेतला गेला.