मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घालणारी रयतमाउली

संगमनेरहून कोपरगावला जा, नाही तर श्रीरामपूरला. रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज दिसतंच. आपल्या जिल्ह्यातली शेतकऱ्या-मजुराघरची कितीतरी पोरं या संस्थेत शिकली, नोकरीला लागली. रयत म्हटलं की पांढऱ्या दाढीचे कर्मवीर भाऊराव पाटील डोळ्यांपुढं येतात. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई किती जणांना ठाऊक आहेत?

लक्ष्मीबाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजच्या पाटलांची लेक. घर खातंपितं, जैन, सोवळंओवळं कडक. लग्नात अंगावर चांगलं सोनं आलं होतं. पण संसार सरळ चालला नाही. १९१४ साली कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि पोलिसांचा छळ सोसला. त्यातून सुटल्यावर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत ते गावोगाव हिंडले. शेतकरी का नाडला जातो, हे त्यांनी त्या फिरतीत जवळून पाहिलं. पोरं शिकल्याशिवाय गत नाही, हे मनाशी पक्कं झालं आणि १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं.

या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत. आज यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी पाणीसुद्धा वेगळं होतं, आणि लक्ष्मीबाई तर सोवळ्यात वाढलेल्या. त्यांना हे सुरुवातीला जड गेलं. तरी हळूहळू सोवळं सुटलं आणि सगळी पोरं त्यांची झाली. स्वयंपाक बघायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, घरच्या आठवणीनं रडणाऱ्याला जवळ घ्यायचं. पोटच्या लेकरांत आणि या पोरांत त्यांनी भेद केला नाही.

बोर्डिंग चालायचं ते लोकांनी दिलेल्या मूठमूठ धान्यावर. कर्मवीर वर्गणीसाठी बाहेर असायचे आणि चुलीचा घोर लक्ष्मीबाईंना. अडचण आली की एक दागिना जायचा. असं करत सारं सोनं संपलं. एकदा कर्मवीर बाहेरगावी, कोठीत दाणा नाही, पोरं उपाशी. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या पैशावर पोरांना जेवू घातलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारा.

१९२७ साली महात्मा गांधींनी या बोर्डिंगला भेट दिली, देशभर नाव झालं. पण लक्ष्मीबाईंना पुढचे दिवस दिसले नाहीत. १९३० साली तरुण वयातच त्या गेल्या. कर्मवीर त्यानंतर २९ वर्षे जगले. शाळा झाल्या, कॉलेजं झाली, १९५९ साली पद्मभूषण मिळालं. हे सारं पाहायला ती नव्हती.

आता जरा आपल्या घरात बघू. निंदणी, खुरपणी, धारा, कांद्याची काटणी, यात बाईचा हात किती असतो ते आपण जाणतो. सोसायटीचा हप्ता थकला की आधी तिचंच डोरलं सोनाराकडं जातं. आणि सातबारा काढून पाहिला तर बहुतेक घरांत तिचं नाव सापडत नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, पुढं १९९२ साली राज्य सरकारनंही निर्णय काढला. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला, तर बायकोचं नाव जमिनीला सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठी भाऊसाहेबांनी आणि ग्रामसेवकांनी हे ग्रामसभेत एकदा उठून सांगावं.

लक्ष्मीबाईंचं सोनं परत आलं नाही, त्यांनीही ते मागितलं नाही. आपल्या घरची लक्ष्मीसुद्धा मागणार नाही. म्हणून तर आपण होऊन द्यायचं.