इनाम नसलेली कुस्ती

बँकेच्या नोकरीत मी एकच प्रश्न आयुष्यभर विचारत आलो. पैसे परत कुठून येणार? समोरचा माणूस म्हैस घेणार असो, विहिरीवर मोटार बसवणार असो, की गावात किराणा मालाचं दुकान टाकणार असो, प्रश्न तोच. त्याचं नीट उत्तर देता आलं तर कर्ज मंजूर, नाहीतर अर्ज फायलीत. या प्रश्नानं माझं घर चाललं, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण एकदा तो विचारून मी ओशाळलो होतो, त्याची ही गोष्ट.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस माझी बदली कऱ्हाडला झाली होती. एका दुपारी साठीकडे झुकलेला एक शेतकरी समोर येऊन बसला. डोक्याला पटका, हातात सातबाऱ्याचा उतारा. त्याचा मुलगा पैलवान होता. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेसाठी पोराची निवड झाली होती आणि खुराकाला, प्रवासाला पैसे हवे होते. जिंकला तर किती मिळतील, असं मी सवयीनं विचारलं. तो गडबडला. एखादी ढाल, एखादं प्रशस्तिपत्र, बाकी मिळण्यासारखं काही नाही, असं त्यानं सांगितलं. यात्रेच्या फडात पोरगा एका दिवसात याहून जास्त आणतो, हेही त्यानं न लपवता सांगून टाकलं. मग हा खटाटोप कशासाठी, हे मी तोंडानं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर ते दिसलंच असणार. त्यानं उताऱ्याची घडी घातली, नमस्कार केला आणि तो निघून गेला.

आमच्या शाखेतला शिपाई त्याच भागातला होता. संध्याकाळी तिजोरी बंद झाल्यावर त्यानं मला हलकेच आठवण करून दिली की, साहेब, गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पुढच्या रविवारी मी गोळेश्वरला गेलो. खाशाबा जाधवांना जाऊन तेव्हा काहीच वर्षं झाली होती आणि गावात त्यांच्या आठवणी ताज्या होत्या.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांतले ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पाचव्या वर्षीच पोराच्या अंगाला तालमीची माती लागली. आमच्याकडच्या यात्रेच्या फडाचा हिशेब सरळ असतो. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळ, मग पटका, मग रोख रुपये, असं चढत चढत शेवटच्या जोडीवर सगळ्यात मोठं इनाम. कुस्ती ठरते तेव्हाच इनामही ठरतं. हलगी कडाडते, जोडी मैदानात फिरवली जाते, आणि पाठ मातीला लागली की निकाल. जिंकलेला गडी मैदानाला फेरी मारतो, तेव्हा खूश झालेले लोक त्याच्या हातात आणखी पैसे ठेवतात. त्या पैशांवर पुढच्या यात्रेपर्यंत दूध, तूप, बदाम चालतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर धंदा छोटा, पण परतावा रोख.

या हिशेबात एक गोष्ट मात्र हलक्या अंगाच्या पैलवानाच्या विरुद्ध जाते. शेवटची कुस्ती मोठ्या देहांची. लोक दुरून बैलगाड्या जुंपून येतात ते पहाडासारखे दोन गडी भिडताना पाहायला. खाशाबा होते चणीनं लहान. चपळाई अशी की समोरच्याला डाव कळेपर्यंत तो आभाळ बघत असे, आणि ढाक मारावी ती त्यांनीच, असं जुने लोक सांगत. पण मोठ्या इनामाची कुस्ती त्यांच्या वाट्याला फडाच्या रिवाजानं येणं अवघडच होतं.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात ते शिकत होते, तेव्हा १९४२ चं आंदोलन पेटलं. सातारा जिल्ह्यात तर ते घराघरात शिरलं होतं. खाशाबांनीही भूमिगतांचे निरोप पोचवले, त्यांना आसरा द्यायला मदत केली. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून कुस्तीला राजाश्रय दिला, ते हे शहर. तिथं बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या नजरेखाली खाशाबांची कुस्ती घोटली गेली.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक. खाशाबांच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पण तिथं मातीच नव्हती! मऊ मॅट, पायात बूट, घड्याळावर बांधलेला वेळ आणि कागदावर गुण मांडणारे पंच. मातीत पाय रुततो, घामानं निसरडं झालेलं अंग मातीनं पकडीत येतं. तिथं त्यातलं काही नाही. ज्या माणसानं जन्मभर मातीत कुस्ती केली, त्यानं पहिल्यांदाच अशा मॅटवर उतरून जगातल्या निवडक गड्यांशी लढायचं होतं. तरीही ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

सहावा नंबर मोठा विचित्र. पदक नाही, इनाम नाही, आणि हरून आलो म्हणून विसरून जावं असंही नाही. फडात जिंकलेला पैलवान सांगली-साताऱ्यात, फार तर पंजाबच्या गड्यांत आपण कुठं बसतो ते जाणतो. खाशाबांना लंडनला कळलं की जगात आपल्यापुढे फक्त पाच जण आहेत, आणि तेही आपण मॅटची कुस्ती शिकलो नसताना. दुसरी गोष्ट अशी की तिथं वजनाचे गट होते. बावन्न किलोंचा पैलवान तिथं रेवड्यांच्या रांगेत बसत नव्हता. त्याची कुस्ती पहिलवानकीच्या शेवटच्या जोडीइतकीच मानाची होती. आपल्या फडानं त्यांना जे द्यायला हात आखडला होता, ते त्या परक्या मॅटवर होतं. ते पैशांत मोजता येण्यासारखं नव्हतं. माझ्या मते पुढची चार वर्षं त्यांनी जो घाम गाळला त्याचं कारण इथं आहे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरणार होते. पण आधी निवडीचंच घोडं अडलं. मद्रासच्या स्पर्धेत निकाल एका गुणानं त्यांच्याविरुद्ध गेला. हा निकाल न्यायाचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी ती जिंकली.

मग आला पैशांचा प्रश्न. सरकारदरबारी हेलपाटे झाले. गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी आपापल्या परीनं वर्गणी काढली. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

ही हकिकत आता आपल्याकडे शाळेतल्या भाषणांतूनही सांगितली जाते. मी मात्र ती बँकवाल्याच्या कानांनी ऐकली. बँक तारणाच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज देत नाही, म्हणजे घर सात हजारांहून मोलाचं असणार. घराचे कागद हाती आल्यावर बँकेला जोखीम अशी उरलीच नाही. पोरगा हरो की जिंको, बँकेचे पैसे सुरक्षित. जोखीम घेतली ती एकट्या खर्डेकरांनी, आणि त्यांना यातून काहीच मिळायचं नव्हतं. जिंकलाच तर पदक विद्यार्थ्याचं. ऑलिम्पिकमध्ये त्या काळी रोख बक्षीस नसायचं, तेव्हा कर्ज फेडायलाही तिथून एक पैसा येणार नव्हता. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर घराचे कागद पाहून मी तो मंजूर केला असता आणि घरी येऊन बायकोला सांगितलं असतं की आज एक शहाणा माणूस वेडेपणा करताना पाहिला.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. पंधरा मिनिटं चाललेली ती लढत खाशाबा हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण थकलेल्या खाशाबांना लगेच रशियाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं, आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकातला कुणी अधिकारी जागेवर नव्हता, असं गावचे लोक आजही कळवळून सांगतात. तीही कुस्ती गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कोल्हापूरच्याच केशव मानगावेंचं पदक त्याच ऑलिम्पिकमध्ये एका पायरीनं हुकलं, ते चौथे आले. हॉकीच्या संघानं तिथंच सुवर्णपदक मिळवलं आणि देशभर बोलबाला झाला तो साहजिकच हॉकीचा.

कऱ्हाडला मात्र वेगळाच सोहळा होता. खाशाबा स्टेशनावर उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, ताशे, हलग्या, गुलाल. गोळेश्वरपर्यंतचं एरवी काही मिनिटांत संपणारं अंतर कापायला त्या मिरवणुकीला सात तास लागले म्हणतात. त्या गाड्यांतल्या कित्येकांनी वर्गणीत आपला रुपया घातला असेल. ते पदक थोडं थोडं सगळ्यांच्याच मालकीचं होतं.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी जे केलं ते मला पदकाहून मोठं वाटतं. ते पुन्हा फडात उतरले. कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्यातून जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. जिथं इनाम होतं तिथं कमावून, जिथं इनाम नव्हतं तिथलं कर्ज त्यांनी फेडलं. पैसे परत कुठून येणार, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मी जन्माला यायच्या आधीच कोल्हापूरच्या मातीत देऊन झालं होतं.

पुढचं आयुष्य साधं. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खात्याच्या कुस्त्या जिंकल्या, पोरं तयार केली. बढती मात्र फार उशिरा, नोकरी संपत आल्यावर मिळाली. ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघं ५८. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, एकविसाव्या शतकाच्या तोंडावर. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. महाराष्ट्रात आता १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

त्यांच्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला भारताला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षं थांबावं लागलं. ते लिअँडर पेसनं टेनिसमध्ये आणलं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं. त्याला राज्य सरकारनं कोटीतलं बक्षीस जाहीर केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. खेळाडूच्या गुरूला घर गहाण टाकायची वेळ येऊ नये, हे चांगलंच आहे. पण ते बक्षीस जिंकल्यानंतरचं. निघताना हातात तिकीट नसलेली पोरं आजही गावोगाव आहेत आणि त्यांचे बाप आजही कुणाच्या ना कुणाच्या टेबलासमोर बसतात.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते मला शिपायाकडूनच समजलं. त्यानं दावणीची म्हैस विकली. पोरगा स्पर्धेला गेला आणि दुसऱ्याच फेरीत हरून आला. आल्या आल्या पुढच्या वर्षीच्या तयारीला लागला. ते ऐकून मी काहीच बोललो नाही. त्याच्या बापाचा अर्ज मी नियमाप्रमाणेच नाकारला होता, आणि आज त्या खुर्चीत असतो तरी नियम तोच असता. फक्त खुर्चीतून उठून, बाहेर व्हरांड्यात जाऊन, माझ्या खिशातले शंभर रुपये त्या माणसाच्या हातात ठेवायला मला कुठलाच नियम आड येत नव्हता. ते त्या दिवशी मला सुचलं नाही, एवढीच खंत आहे.