प्रत्येकाची जागा वेगळी

शाळेत आपण साऱ्यांनीच सोडियमपुढे २, ८, १ आणि क्लोरीनपुढे २, ८, ७ असे आकडे पाठ केले. ते तसेच का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर ज्याने दिले, त्या वोल्फगांग पाउलीच्या आयुष्याचे मला फार दिवसांचे कुतूहल आहे.

२५ एप्रिल १९०० रोजी व्हिएन्नात जन्मलेल्या पाउलीने १९२१ साली, एकविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्याचा सापेक्षतावादावरील प्रदीर्घ लेख खुद्द आइन्स्टाइनने वाखाणला.

तेव्हा एक कोडे सुटत नव्हते. अणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन कमीत कमी ऊर्जेची जागा धरू पाहतो. मग सगळेच तळाच्या कक्षेत दाटी का करत नाहीत? १९२५ साली हॅम्बुर्गला असताना पाउलीने नियम मांडला. प्रत्येक इलेक्ट्रॉनची ओळख चार अंकांनी ठरते आणि एका अणूतल्या कोणत्याही दोघांचे चारही अंक सारखे नसतात. माझी हयात बँकेत गेली, म्हणून मला हे चटकन पटते. दोन खातेदारांचे नाव, आडनाव, शाखा एकच असेल. खाते क्रमांक एक असून चालत नाही. तळाच्या कक्षेत असे दोनच क्रमांक निघतात, त्यावरच्या कक्षेत आठ. सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन म्हणून वर एकटा पडतो. क्लोरीनला नेमका एक कमी असतो. या देवघेवीतून आपल्या स्वयंपाकघरातले मीठ बनते.

पाउलीची जीभ मात्र तिखट. चौथा अंक म्हणजे इलेक्ट्रॉनची स्वतःभोवतीची गिरकी असावी, असे राल्फ क्रोनिग या तरुणाने १९२५च्या आरंभी सुचवले. पाउलीने ते झटकून टाकले आणि क्रोनिगने ते छापलेच नाही. त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तीच कल्पना प्रसिद्ध केली. श्रेय त्यांना गेले. थोरांच्या एका शब्दाने होतकरू माणसाचे केवढे नुकसान होते!

पाउलीच्या वाट्यालाही सुख बेताचेच आले. १९२७ साली आईने आत्महत्या केली, पहिला संसार वर्षभरात मोडला, मद्य वाढले. त्याने मानसशास्त्रज्ञ युंग यांची मदत घेतली. १९३४ साली फ्रांकाशी लग्न झाले. ते अखेरपर्यंत टिकले. १९४५ साली त्याच नियमासाठी नोबेल मिळाले. १५ डिसेंबर १९५८ रोजी झुरिकमध्ये त्याचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र त्याच्या जमेच्या बाजूला मांडलीच पाहिजे. १९२८ साली झुरिकला प्राध्यापक झाल्यावर त्याने सहायक म्हणून घेतले, ते क्रोनिगलाच.