दीनबंधू अँड्र्यूज : दिल्लीच्या वर्गापासून गिरमिटियांच्या वस्तीपर्यंत

नवी दिल्ली : धर्मप्रसारक शिक्षक म्हणून भारतात आलेले आणि पुढे ‘दीनबंधू’ या नावाने देशाला परिचित झालेले चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे ५ एप्रिल १९४० रोजी कोलकात्यात निधन झाले. परकीय सत्तेच्या देशातून आलेल्या या माणसाला भारतीयांनी आपले मानले. त्यामागे दहा वर्षांचे अध्यापन आणि त्या काळात त्यांच्या अंतःकरणात घडलेले परिवर्तन होते.

१२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जन्मलेल्या अँड्र्यूज यांचे वडील धर्मोपदेशक होते. केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात शिक्षण पूर्ण करून त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ या गरीब वस्तीत काम केले. त्यांचे जिवलग मित्र बेसिल वेस्टकॉट दिल्लीत धर्मकार्य करीत असताना १९०० मध्ये कॉलऱ्याने मरण पावले. मित्राचे अपुरे राहिलेले काम अँड्र्यूज यांना खुणावत राहिले. २० मार्च १९०४ रोजी ते दिल्लीत पोहोचले आणि सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकवू लागले. हा दिवस ते आपला दुसरा जन्मदिवस मानीत.

अध्यापन, प्रार्थना आणि विद्यार्थ्यांशी गप्पागोष्टी असा त्यांचा दिनक्रम असे. मात्र जो धर्म समतेची शिकवण देतो, त्याच्याच संस्थांमध्ये गोरे आणि काळे यांच्यात अंतर पाळले जाते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. याची कसोटी १९०६ मध्ये लागली. प्राचार्यपद रिकामे झाले असता त्या जागी इंग्रजच हवा, असा सूर निघाला. वीस वर्षे त्या महाविद्यालयाची सेवा केलेल्या सुशीलकुमार रुद्र यांना डावलणे अँड्र्यूज यांना मान्य नव्हते. त्यांनी रुद्र यांचा आग्रह धरला. रुद्र महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज यांनी आनंदाने त्यांच्या हाताखाली काम केले.

रुद्र यांच्या सहवासात त्यांना भारताची ओळख झाली. जुन्या दिल्लीतील विद्वान मौलवी झकाउल्ला यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे त्यांचे चरित्रही अँड्र्यूज यांनी लिहिले. कांगडी गुरुकुलाचे संस्थापक महात्मा मुन्शीराम त्यांचे मित्र झाले. १९१२ मध्ये लंडनमध्ये रवींद्रनाथ टागोर यांच्या कविता ऐकून ते भारावले. अन्य धर्मांतील सत्पुरुष जवळून पाहिल्यावर, त्यांना चिरंतन शिक्षेचे भागीदार ठरविणारी मतवचने उच्चारणे त्यांच्या विवेकाला जड जाऊ लागले.

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा सत्याग्रह ऐन भरात होता. त्यासाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले देशभर निधी गोळा करीत होते. अँड्र्यूज यांनी आपली शिल्लक त्या निधीला दिली. गोखले यांच्या इच्छेनुसार ते सहकारी विली पिअर्सन यांच्यासह दक्षिण आफ्रिकेला गेले. जानेवारी १९१४ मध्ये डर्बनच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधीजींची चरणधूळ घेतली. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे हे वर्तन तेथील गोऱ्या समाजाला रुचले नाही. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली. तिची अखेरची भेट झाली नाही. तरीही गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यातील समझोत्याच्या वाटाघाटींत ते साहाय्य करीत राहिले.

त्याच वर्षी ते धर्मोपदेशकाच्या कर्तव्यांतून बाजूला झाले आणि शांतिनिकेतनात दाखल झाले. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती. बदलली होती ती तिच्या आचरणाची वाट. धोतर-सदरा घालून ते झाडाखाली मुलांना शिकवीत. जवळचे पैसे आणि कपडे गरजूंना देऊन टाकण्याची त्यांची सवय मित्रांना ठाऊक होती.

१९१५ मध्ये ते पिअर्सन यांच्यासह फिजीला गेले. १८७९ पासून साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर पाच वर्षांच्या गिरमिटावर तेथील उसाच्या मळ्यांत नेण्यात आले होते. ‘लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंदट खोल्यांतील त्यांचे जिणे, आत्महत्या आणि शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया या प्रमाणामुळे झालेली कुटुंबजीवनाची वाताहत या दोघांनी अहवालात मांडली. अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा फिजीला गेले. अखेर १ जानेवारी १९२० रोजी तेथील उरलेले करार रद्द झाले.

१९२१ मध्ये चांदपूर येथे कॉलऱ्याने गाठलेल्या चहामळ्यांतील मजुरांची त्यांनी शुश्रूषा केली. १९२४ मध्ये गांधीजींच्या दिल्लीतील एकवीस दिवसांच्या उपवासात ते त्यांच्या जवळ होते. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी धर्मोपदेशकाची कर्तव्ये पुन्हा स्वीकारली. दिल्लीत पाऊल ठेवताना धर्म शिकविण्यास निघालेला हा शिक्षक तोवर अनेक धर्मांच्या माणसांकडून बरेच काही शिकला होता.

कोलकात्याच्या लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. १९७१ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.