‘ग्रे’च्या पुस्तकातला साताऱ्याचा डॉक्टर

बेळगाव असो, मिरज असो की पणजी, मेडिकलला गेलेल्या पोरांना ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव सांगावं लागत नाही. पण या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं काढणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर पुढे आपल्या मुंबई-साताऱ्याकडे राबले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जन्म १८३१ चा, इंग्लंडातल्या हल गावचा. वडील चित्रकार, मुलाचं मधलं नावही एका थोर चित्रकारावरून ठेवलेलं. हात बापाचा आला, शिक्षण मात्र डॉक्टरकीचं झालं. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात हेन्री ग्रे यांच्याशी गाठ पडली आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं पुस्तक काढायचं ठरलं. मजकूर ग्रे यांचा, चित्रं कार्टर यांची. सुमारे दीड वर्ष दोघं मृतदेहांचं विच्छेदन करत होते.

कार्टर यांनी केलं ते दिसायला साधंच. नस, स्नायू, हाड यांची नावं त्यांनी चित्रात त्या त्या भागावरच लिहिली. एरवी आकडे टाकायचे आणि खालच्या यादीत शोधत बसायचं, अशी रीत होती. मानेचंच घ्या. मान एका बाजूला वळवली की कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू वर येतो. बोटांनी चाचपून बघा, सापडेल. त्याच्यामुळे मानेचे दोन त्रिकोण पडतात, पुढचा आणि मागचा. पुढच्या त्रिकोणात कंठमण्याच्या बाजूला डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीचे ठोके लागतात, आणि साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी ती दोन फांद्यांत फुटते. तेव्हा एक्स-रे नव्हता. सुरी कुठे चालवायची नि कुठे थांबवायची, हे कातडीवरून कळणाऱ्या अशाच खुणांवर ठरायचं. चित्र चुकलं तर माणूस जायचा.

१८५८ साली पुस्तक निघालं तेव्हा कार्टर मुंबईत पोचले होते. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे पैसे, कार्टर यांना एकदाच १५० पौंड. मुखपृष्ठाच्या प्रुफात दोघांची नावं सारख्या अक्षरांत होती. ग्रे यांनी कार्टर यांचं नाव बारीक करायला लावलं. हे काही बरं केलं नाही. पण ग्रे यांनाही फार दिवस मिळाले नाहीत, १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वयाच्या ३४व्या वर्षी ते गेले.

कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. लग्न फसलं. मग साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाले, तुरुंगही त्यांच्याकडेच. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा पाय सुजून त्याला छिद्रं पडतात, तो रोग बुरशीचा आहे, हे त्यांनी मांडलं. कुष्ठरोग समजून घ्यायला ते नॉर्वेला जाऊन आले. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत पुन्हापुन्हा उलटणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखे जंतू पाहिले.

पुढे ते त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. १८८८ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले, तिथे दुसरं लग्न केलं. १८९७ साली स्कारबरोला क्षयाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या रोजनिश्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.