खालिदा अदीब खानम : दोन शाळांची कहाणी



खालिदा अदीब खानम हे नाव एके काळी आपल्या देशातील सुशिक्षित मुस्लिम घरांतून आदराने घेतले जाई. डॉ. अन्सारी यांच्या निमंत्रणावरून १९३५ साली त्या दिल्लीस आल्या आणि जामिया मिल्लियात त्यांनी व्याख्याने दिली. एका व्याख्यानाचे अध्यक्षस्थान खुद्द गांधीजींनी भूषविले होते. तुर्कस्तानात त्या हालिदे एदिब या नावाने ओळखल्या जातात. त्यांच्या कादंबऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या बालपणाचा आणि पुढे त्यांच्या हाती आलेल्या परक्या मुलांचा विचार करू.

१८८४ साली इस्तंबूल येथे त्यांचा जन्म झाला. त्या वेळी ते शहर उस्मानी साम्राज्याची राजधानी होते. मुसलमान, ग्रीक, अर्मेनियन व यहुदी तेथे शेजारी नांदत. मात्र प्रत्येक जमातीच्या शाळा बहुधा वेगळ्या असत. आपल्याकडे मुलाची बिस्मिल्ला होते, तशीच तेथेही होई. नव्या विद्यार्थ्याला वाजतगाजत मिरवीत नेत, सोबतची मुले ‘आमीन’चा गजर करीत. १८६९ च्या शिक्षण कायद्याने मुलगे व मुली या दोघांनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. परंतु कायदा कागदावर झाला तरी मुलीला पुढे शिकविणारे बाप थोडेच होते.

खालिदांचे वडील अदीब बे हे त्या थोड्यांपैकी एक. ते सुलतान अब्दुल हमीद यांच्या दरबारी चाकरीस होते. आई लहानपणीच वारली. आजीच्या घरी जुन्या वळणाचे, धार्मिक संस्कार झाले. वडिलांनी मात्र मुलीला एका ग्रीक बाईंच्या बालवर्गात घातले. त्या वर्गात तुर्की मूल ती एकटीच होती. पुढे उस्कुदार येथील अमेरिकन मिशनच्या मुलींच्या कॉलेजात तिचे नाव घातले. परंतु सुलतानाच्या हुकुमामुळे तिला ते सोडावे लागले. वडिलांनी हार मानली नाही. घरी चांगले शिक्षक ठेवले, आणि १८९९ मध्ये तिला पुन्हा त्याच कॉलेजात पाठविले. १९०१ मध्ये ती पदवीधर झाली. त्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या मुस्लिम तुर्की मुलींपैकी ती एक.

पालकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ही मुलगी ग्रीक बाईंपाशी शिकली, ख्रिस्ती अध्यापिकांपाशी शिकली. पण तिचे नाव खालिदाच राहिले आणि तिचा धर्मही तिच्यापाशीच राहिला.

आता दुसरी शाळा पाहा. १९१५ साली उस्मानी सरकारने अर्मेनियन प्रजेला घरादारातून हाकलून दिले. लाखो माणसे मारली गेली, उपासमारीने मेली. त्यांची अनाथ मुले सीरिया-लेबनॉनच्या वाटांवर भटकत राहिली. तेथील सर्वाधिकारी जमाल पाशा यांनी बैरुतजवळील ऐन तुरा येथे, एका फ्रेंच मिशनच्या विद्यालयाच्या इमारतीत अनाथालय काढले. जमाल पाशांच्याच बोलावण्यावरून त्या भागातील शाळांची उभारणी करण्यास गेलेल्या खालिदांकडे याही अनाथालयाची जबाबदारी आली. तेथे शेकडो मुले होती. बहुसंख्य अर्मेनियन, काही कुर्द. त्यांना छप्पर मिळाले, पण अर्मेनियन मुलांना तुर्की मुसलमानी नावे देण्यात आली आणि त्यांची मातृभाषा बंद करण्यात आली.

ही नावे बदलणे आपल्याला मान्य नव्हते, असे खालिदांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. तरीही त्यांनी ते काम पाहिले. म्हणून पुढील अनेक अभ्यासकांनी त्यांना दोष दिला आहे, आणि तो उगाच नाही. १९१८ मध्ये उस्मानी अंमल उठला, अमेरिकन मदतसंस्था तेथे आली, आणि त्या मुलांनी आपापली जुनी नावे पुन्हा धारण केली. लहान मुलेही आपले नाव विसरली नव्हती!

पुढे खालिदांनी तुर्कस्तानच्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतला, अनेक वर्षे परदेशी काढली, १९३९ मध्ये मायदेशी परतून इस्तंबूल विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे मोठेपण खरे आहे. ऐन तुराही तितकेच खरे आहे. थोरांचे चरित्र वाचताना दोन्ही पाने वाचावीत.

विद्यार्थी मित्रांनो, धर्मात सक्तीला जागा नाही हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या मुलांनी कोणत्याही शाळेत बसावे आणि आपले नाव ताठ मानेने सांगावे, अशी आपली इच्छा असते. मग आपल्या शाळेच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या मुलालाही तेवढाच हक्क आहे. अदीब बे यांनी मुलीसाठी जी शाळा शोधली, तशी शाळा आपण दुसऱ्यांच्या मुलांसाठी उघडावी. शिक्षणसंस्थेची खरी परीक्षा तेथेच होते.