सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

इंदूरपासून अवघ्या तेवीस-चोवीस किलोमीटरांवर असलेल्या महू छावणीचे नाव आज भारतभर घेतले जाते ते १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. २००३ साली या गावाचे नामकरणही डॉ. आंबेडकर नगर असे झाले. परंतु ज्या सैनिकाच्या नोकरीमुळे ते कुटुंब कोकणातून माळव्यात आले, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या जीवनक्रमाची माहिती आपल्या भागातील वाचकांनाही फारशी नसते. थोर पुत्राचे पिता एवढ्या एका ओळीत त्यांचे चरित्र बहुधा संपविले जाते. वस्तुतः शिपाई, शिक्षक आणि ग्रंथप्रेमी गृहस्थ या तिन्ही नात्यांनी ते स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही लष्करात नोकरी केलेले गृहस्थ होते. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार समाजातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले होते. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत नाक हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे ठळकपणे दिसतात. योगायोग असा की, त्याच जानेवारी महिन्यात इंग्रज आणि होळकर यांच्यात मंदसोरचा तह झाला व त्यातून महूची छावणी उभी राहिली. गावात ज्यांना पाणवठ्यावर जाण्यास मज्जाव होता, त्यांना पलटणीत गणवेश, नियमित पगार आणि हुद्दा मिळत असे. कोकणातील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने सैन्य हा प्रतिष्ठेकडे जाणारा जवळजवळ एकमेव रस्ता होता.

त्या काळातील देशी शिपायाच्या बढतीचा क्रम ध्यानात घेतल्यावाचून रामजींच्या हुद्द्याचे मोल कळणार नाही. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि सर्वांत शेवटी सुभेदार-मेजर अशी ती शिडी होती. प्रत्येक पायरीवर वर्षानुवर्षांची चाकरी खर्ची पडे. शेवटच्या पायरीवर पोहोचलेला पिकल्या केसांचा सुभेदारही नुकत्याच विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही. तरीही शिपायांच्या जगात सुभेदाराचा शब्द मोठा असे. रामजींचे सासरे, मुरबाडचे धर्मा मुरबाडकर, हेही सुभेदार-मेजर होते आणि त्यांचे घराणे लष्करी पेशात नावाजलेले व संपन्न होते. अशा घरची कन्या भीमाबाई रामजींच्या घरी आली, तेव्हा दोन्ही घरांच्या स्थितीत पुष्कळच अंतर होते.

रामजींची बढती मुख्यत्वे विद्येच्या बळावर झाली. सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना लिहिणे-वाचणे शिकविण्याची व्यवस्था होती. त्यामुळे पलटणीच्या वस्तीत स्त्रियाही साक्षर झालेल्या आढळत. या शाळांसाठी शिक्षक तयार करणारे नॉर्मल स्कूल पुण्यास होते. रामजींनी तेथील प्रमाणपत्र मिळविले आणि पुढे लष्करी शाळेत अध्यापन केले. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी सुमारे चौदा वर्षे काम पाहिले. बाहेरच्या जगात अस्पृश्याच्या मुलाला शाळेच्या ओटीवरही बसू देत नसत, त्या दिवसांत हा गृहस्थ एका शाळेचा प्रमुख होता, ही गोष्ट आज सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. मराठीवर त्यांचे प्रभुत्व होते आणि इंग्रजीही त्यांना चांगली अवगत होती. महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्याविषयी त्यांना आदर होता.

ज्या दाराने ही प्रगती साधली ते दार मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाले. सैन्यभरती केवळ लढवय्या म्हणून ठरविलेल्या जातींमधूनच करावी, हा विचार सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत बळावला आणि १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती थांबविण्यात आली. ज्यांच्या आजा-पणजांनी रणांगणावर प्राण वेचले, त्यांना लढण्यास अपात्र ठरविण्यात आले. रामजी स्वतः तोवर सेवेच्या अखेरीस आले होते. त्यांचे व्यक्तिगत नुकसान फारसे होणार नव्हते. तरी पुढच्या पिढीचा मार्ग खुंटला हे जाणून त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेऊन सरकारकडे अर्ज करविला. दापोली भागात गोपाळबाबा वलंगकर यांसारखे निवृत्त सैनिकही याच अन्यायाविरुद्ध लेखणी चालवीत होते. सरकारने या विनवण्यांना दाद दिली नाही.

१८९४च्या सुमारास निवृत्त होऊन रामजी दापोलीस आले. तेथील लष्करी पेन्शनरांच्या वस्तीत काही काळ काढल्यावर नोकरीनिमित्त ते साताऱ्यास गेले. तेथे १८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. चौदा अपत्यांपैकी बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटा भीमराव एवढीच मागे राहिली होती. मुलांचा सांभाळ रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घालण्यात आले. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपालाची नोकरी रामजींना मिळाली. १९०१च्या सुमारास सुटीत मुले त्यांच्याकडे निघाली. येत असल्याचे पत्र पोहोचले होते, पण नोकराने ते रामजींना दिलेच नाही. मसूर स्थानकावर उतरलेली मुले वाट पाहत राहिली. त्यांची जात कळताच गाडीवाल्यांनी नेण्याचे नाकारले आणि अखेर दुप्पट भाडे देऊन, स्वतः बैल हाकीत, पाण्यावाचून त्यांनी रात्र काढली. सरकारी हुद्दा भोगलेल्या सुभेदाराची नीटनेटक्या पोशाखातली मुले छावणीबाहेर काय ठरतात, हे त्या एका प्रवासाने उघड केले. बाबासाहेबांनी पुढे ही हकिकत स्वतःच लिहून ठेवली आहे.

रामजी कबीरपंथी होते. घरात मद्यमांस वर्ज्य होते. पहाटे आणि सायंकाळी अभंग, दोहे व भजने होत आणि मुलांना त्यांत भाग घ्यावाच लागे. रामायण-महाभारताचे वाचनही नित्य चाले. ज्या ग्रंथांत शूद्रांना कमी लेखले आहे ते आम्ही का वाचावेत, असा प्रश्न भीमरावांनी केला असता, आपल्या लोकांच्या मनातील न्यूनगंड जावा म्हणून वाचावेत, असे रामजींचे उत्तर असे. कर्ण, द्रोण आणि वाल्मीकी यांचे दाखले ते देत. पुत्राचे या उत्तराने समाधान झाले नाही आणि पुढे त्याची वाट वेगळी झाली. तथापि घरातल्या घरात असा प्रश्न विचारता येत होता, हे त्या घराचे वैशिष्ट्य मानले पाहिजे.

सुमारे १९०४ साली रामजी कुटुंबासह मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. शाळेचा मास्तर आता एकाच विद्यार्थ्याचा मास्तर झाला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरपाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. त्या एकुलत्या खोलीत जाते होते, शेळी होती, सरपण होते. रामजींनी त्यावर लष्करी शिस्तीचा तोडगा काढला. मुलाने सायंकाळी लवकर निजावे, आपण जागत राहावे. रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासास बसवावे आणि मग स्वतः आडवे व्हावे, असा पहारा त्यांनी चालविला. भीमरावांना अवांतर ग्रंथांची ओढ होती. जवळ पैसे नसत, तेव्हा रामजी विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत, ते गहाण टाकून पुस्तके घेत आणि पेन्शन हाती आली की दागिने सोडवून परत करीत. आनंदरावांना मात्र शिक्षण सोडून कामाला लागावे लागले. एका मुलाच्या विद्येची किंमत भावंडांनीही मोजली होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या निमित्ताने झालेल्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीमुळे महाविद्यालयीन शिक्षण पुरे झाले. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. रामजींना हे पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते सुरतेस उतरले, तेवढ्यात गाडी सुटली आणि मुंबईस पोहोचण्यास एक दिवस उशीर झाला. रामजींची नजर मुलाला शोधीत होती. त्याच्या पाठीवरून त्यांनी क्षीण हात फिरविला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ हा होता. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

सैन्याचे बंद झालेले दारही पुढे उघडले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभारण्यात आली आणि युद्धानंतर ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या ऑक्टोबरात, बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या वेळी महार भरतीचा आग्रह धरणाऱ्यांत सुभेदारांचा पुत्र अग्रभागी होता. रामजींचा जुना अर्ज जवळजवळ पन्नास वर्षांनी असा मंजूर झाला.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी रामजींचे स्मरण विशेष उचित वाटते. ग्रंथसंग्रह उभारण्याइतकी संपत्ती त्यांच्यापाशी कधीच नव्हती. एकेक पुस्तक त्यांनी लेकींच्या दागिन्यांवर कर्ज काढून घरात आणले, आणि ज्याच्यासाठी आणले त्याने पुढे मुंबईत राजगृह बांधले ते मुख्यत्वे ग्रंथ ठेवण्यासाठी. महूला जाणाऱ्या आपल्या सभासदांनी जन्मभूमीच्या स्मारकापुढे हात जोडताना, त्या छावणीत मुलांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या या सुभेदार मास्तरांचीही आठवण ठेवावी.